कुमारवयीन मुलांची उडालेली झोप आणि मनातील चिंता

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळांच्या वेळेविषयी एक निर्णय घेतला. पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे शाळांना कळविण्यात आले. मुलांची झोप पुरी होत नाही, हा तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मांडलेला मुद्दा त्यामागे होता. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु पहाटे उठणे ज्या वयात सर्वांत जड जाते, ते वय त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

ते वय म्हणजे कुमारवय. वयात येताना शरीरातील घड्याळच मागे पडते. झोपेची सूचना देणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा स्रवू लागते आणि झोप येण्याची वेळ दोन तासांपर्यंत लांबू शकते. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. रात्री अकराला झोपून पहाटे पाचला क्लाससाठी उठणारा विद्यार्थी सहा तासांवर भागवतो. आपण त्याला आळशी म्हणतो. वस्तुतः तो थकलेला असतो.

ही तूट जांभयांपुरती राहत नाही. हार्वर्ड व बर्कली येथील संशोधकांनी २००७ मध्ये सुमारे ३५ तास जागे ठेवलेल्या तरुणांच्या मेंदूची पाहणी प्रसिद्ध केली. अप्रिय चित्रे पाहताना त्यांच्या मेंदूतील भीतीशी निगडित केंद्र, झोप घेतलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्के अधिक उद्दीपित होत होते. त्याला आवर घालणाऱ्या भागाशी असलेला दुवाही क्षीण झाला होता. हा प्रयोग टोकाचा होता, हे खरे. तरीही निजेविना मन अधिक घाबरे का होते, याचा उलगडा त्यातून होतो.

उलट दिशेनेही हेच घडते. परीक्षेची, गुणांची वा घरच्या आर्थिक ओढाताणीची चिंता शरीराला जागे ठेवते. छाती धडधडते, विचार थांबत नाहीत. मग ‘झोप लागली नाही तर उद्या काय होईल?’ ही आणखी एक चिंता जन्मते. चिंता झोप घालवते आणि गेलेली झोप चिंता वाढवते, असे हे दुष्टचक्र आहे. म्हणूनच ‘लवकर झोप’ किंवा ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढ्या सांगण्याने ते तुटत नाही.

सारा दोष मोबाइलवर टाकणेही पुरेसे नाही. रात्री उशिरापर्यंतचा त्याचा वापर झोपेला मारक आहे, यात शंका नाही. परंतु अंधारात आपल्याच विचारांसोबत पडून राहणे असह्य होते, म्हणूनही अनेक मुले त्याच्याकडे वळतात. मोबाइल काढून घेतला तरी ते विचार उरतातच.

मग करावे काय? कॅलिफोर्निया राज्यात २०२२ पासून बहुतेक माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरवता येत नाहीत. आपल्याकडेही माध्यमिक शाळा व खासगी क्लास यांच्या वेळांचा एकत्रित विचार व्हायला हवा. तोवर घरात सुट्टीच्या दिवशीही उठण्याची वेळ फारशी न बदलणे, सायंकाळनंतर चहा-कॉफी टाळणे आणि निजण्यापूर्वी तासभर अभ्यास व मोबाइल बाजूला ठेवणे, एवढे तरी आपल्या हाती आहे. पालकांनीही आपला मोबाइल त्या वेळी दूर ठेवला, तरच त्या नियमाला वजन येईल.

काही आठवडे झोप लागत नसेल, मूल अबोल झाले असेल किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. झोपेच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नयेत. विचार व सवयी बदलण्यास शिकवणारे उपचार यावर गुणकारी ठरतात. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

मुलगा शाळेतून आला की आपण गुण विचारतो. कधीतरी ‘काल तुला झोप लागली का?’ असेही विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐकावे. पुष्कळदा मनातील चिंता त्या उत्तरातूनच प्रथम बाहेर येते.