क्रेडिट खरं, अक्षरं मुंगीएवढी

‘स्वयम’वरचा कोर्स तुम्ही कशावर बघता? लॅपटॉपवर, की एसटीत बसून मोबाइलवर? यूजीसीच्या २०२१च्या नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम’मधून करता येतात. म्हणजे क्रेडिट खरंखुरं, पण व्हिडिओतली पीपीटी मात्र बहुतेकदा प्रोजेक्टरच्या हिशेबाने केलेली! वेबपानावरचा मजकूर स्क्रीनप्रमाणे ओळी मोडून घेतो. २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१मध्ये तर ३२० पिक्सेल रुंदीतही तो आडवा सरकवावा लागू नये, असा निकषच आहे. व्हिडिओत उमटलेली अक्षरं मात्र स्क्रीनबरोबर बारीक होत जातात. झूम करून तक्ता वाचेपर्यंत सर पुढे गेलेले असतात. कोर्स बनवणाऱ्यांनी रेकॉर्डिंगआधी स्लाइड स्वतःच्या फोनवर उघडून बघावी. एकीच्या तीन झाल्या तरी चालतील. आणि ए-४ मापाच्या पीडीएफ नोट्स? त्यांचं काय करायचं?