कागदी पिशवीतलं माकड

१९४६ सालची गोष्ट. दुसरं महायुद्ध संपून वर्ष उलटलं होतं. कॅलिफोर्नियातल्या स्ट्रॅटफर्ड नावाच्या छोट्या गावाजवळ, मजुरांच्या वस्तीत एक मेक्सिकन वंशाचं कुटुंब अडकून पडलं होतं. कापसाची वेचणी आटोपली होती आणि पुढच्या पिकाकडे निघायचं तर ट्रक बंद पडलेला. मग आईने सहा वर्षांच्या मुलाला तिथल्याच शाळेत धाडलं. बरोबर जेवणाचा डबा म्हणजे एक कागदी पिशवी. त्या दिवसांत कागदही सहज मिळत नसे, म्हणून आईची सक्त ताकीद होती, की पिशवी रोज घडी घालून परत आणायची.

एक दिवस पिशवी गायब! पोरगं रडकुंडीला आलं. शोधता शोधता पिशवी सापडली ती बाईंपाशी, फाडून तुकडे तुकडे केलेली. बाईंनी त्याची समजूत घातली. शाळेत नाटक बसत होतं आणि त्यासाठी कागदाच्या लगद्याचा मुखवटा तयार होत होता, माकडाचा. पोराचे डोळे विस्फारले. आपल्या जेवणाच्या पिशवीचं माकड होतं? त्याने नाटकात काम मागितलं आणि त्याला माकडाचंच काम मिळालं. नाटकातला पोशाख तर त्याच्या रोजच्या कपड्यांपेक्षा कितीतरी चांगला होता.

नाटकाला एक आठवडा उरला असताना कुटुंबाला वस्तीतली खोली रिकामी करावी लागली. ट्रक निघाला आणि माकड नाटकाआधीच गावातून गेलं.

तो मुलगा म्हणजे लुईस वाल्डेझ. त्या दिवशी मनात एक भोक पडलं आणि ते बुजवण्यात सगळं आयुष्य गेलं, असं तो पुढे मुलाखतींमधून सांगत आला. अमेरिकेत आज ठिकठिकाणी लॅटिनो नाटक-सिनेमांचे महोत्सव भरतात. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ शहरातला चित्रपट महोत्सव तर १९७६ साली सुरू झाला. लॅटिनो म्हणजे मेक्सिको, क्यूबा, पोर्तो रिको अशा मुलखांशी नातं सांगणारे लोक. काही तिथून आलेले, तर काही सरहद्दच सरकल्यामुळे घरबसल्या अमेरिकन झालेले! त्यातल्या मेक्सिकन वंशाच्या मंडळींनी पुढे स्वतःला अभिमानाने ‘चिकानो’ म्हणवून घेतलं. त्यांच्या रंगभूमीची गोष्ट सांगायची तर ती थिएटरात सुरू होत नाही, ती द्राक्षाच्या मळ्याच्या बांधावर सुरू होते.

कॅलिफोर्नियातलं डिलेनो हे वाल्डेझचं जन्मगाव. ८ सप्टेंबर १९६५ रोजी तिथल्या फिलिपिनो मजुरांनी द्राक्षतोडणी बंद केली. मागणी होती तासाला १ डॉलर ४० सेंट मजुरीची. आठवडाभरात सेझर चावेझची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना येऊन मिळाली. हा चावेझ गांधीजींना मानणारा. संपात हिंसा नको, हा त्याचा आग्रह. १९६८ साली संपकऱ्यांचा संयम सुटतोय असं दिसताच त्याने स्वतःच २५ दिवसांचा उपास केला. डिलेनोच्या रणरणत्या शिवारात गांधीजींचं बोट धरून चालणारा माणूस होता, ही आपल्या वाचकांना ठाऊक असायला हवी अशी गोष्ट.

वाल्डेझ तेव्हा पंचविशीचा होता. मजुराचं पोर कॉलेज शिकून, सान फ्रान्सिस्कोच्या एका नाटक मंडळीत उघड्यावर प्रयोग करत होतं. संपाची बातमी ऐकून तो चावेझकडे गेला आणि मजुरांचं नाटक काढण्याची कल्पना मांडली. चावेझने परिस्थिती जशी होती तशी सांगितली. पैसा नाही, नट नाहीत, रंगमंच नाही आणि तालमीला वेळही नाही. तरी करायचंय का? वाल्डेझने एका पायावर होकार दिला. नाटक कंपनी काढायला इतकं सोयीचं आमंत्रण कुणाला मिळालं नसेल!

पहिल्या बैठकीत त्याच्याकडे होत्या फक्त गळ्यात अडकवायच्या पाट्या. एकीवर ‘संपकरी’, दुसरीवर ‘संपफोड्या’. आता खरे संपकरी ते, संपफोड्याची पाटी कोण गळ्यात घालणार? शेवटी एकाने कशीबशी घातली आणि संपफोड्याचं सोंग असं हुबेहूब वठवलं, की जमलेली माणसं हसून हसून बेजार झाली. ज्याला दिवसभर मळ्याच्या कडेने ओरडून विनवायचं, तोच आता समोर उभा होता आणि त्याच्यावर पोटभर हसता येत होतं. संवाद कुणी लिहून दिलेले नव्हते. दिवसा जे घडे ते रात्री उभं राही. मंडळीचं नाव पडलं ‘एल तेआत्रो कॅम्पेसिनो’, म्हणजे शेतमजुरांचं नाटक.

त्यांचा पहिल्या वर्षातला एक छोटा प्रवेश आहे, ‘मालकरावांची दोन तोंडं’ अशा अर्थाच्या नावाचा. तो सविस्तर सांगण्याजोगा आहे. एक मजूर मळ्यात वेलींची छाटणी करतोय. तेवढ्यात मालकराव येतो, डुकराच्या तोंडाचा पिवळा मुखवटा घालून, तोंडाने मोटारीचा आवाज काढत. मोटार अर्थातच नाही. बरोबर आडदांड हत्यारी पहारेकरी. मालकराव मजुरापुढे आपलं दुःख उगाळू लागतो. महागडी गाडी सांभाळायची, टेकडीवरचा बंगला सांभाळायचा, बायकोचे खर्च भागवायचे, डोक्याला केवढा ताप! तुम्हा मजुरांचं बरं आहे, खोली फुकट, ट्रकमधून हवा खात फिरायला मिळतं. एकदा तरी तुझ्यासारखं व्हावंसं वाटतं रे! आणि खरोखरच तो गळ्यातली पाटी बदलतो, मजुराला टोपी देतो, चाबूक देतो, चिरूट देतो आणि शेवटी तोंडावरचा मुखवटा काढून त्याच्या हातात ठेवतो. मजूर बघतच राहतो. मुखवट्याआडचा चेहरा तर अगदी आपल्यासारखाच!

मग नवा मालकराव जुन्या मालकरावाला राबवू लागतो. तीच शिवीगाळ, तीच मजुरीची घासाघीस. जुना मालकराव चिडून पहारेकऱ्याला हाक मारतो. पण पहारेकरी ओळखतो फक्त मुखवट्याला. तो खऱ्या मालकालाच फरफटत नेतो आणि जाता जाता हा मालक बोंब ठोकतो, चावेझ कुठे आहे, संप, संप! शेवटी मजूर प्रेक्षकांना सांगतो, की त्याची जमीन आणि बंगला मला नको, त्याचे त्याला लखलाभ. चिरूट मात्र ठेवून घेतो.

पंधरा मिनिटांचा खेळ. पण ज्याच्या नजरेला नजर देण्याचीही भीती वाटते, त्याचा चेहरा मुखवटा काढल्यावर कसा दिसतो, हे मजुरांनी तिथे पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या एका खेळात ऋतूच पात्रं होऊन येतात. उन्हाळ्याच्या सदऱ्यावर नोटाच नोटा चिकटवलेल्या असतात आणि मजूर त्या फळांसारख्या तोडतो. हिवाळा आला की तोच पैसे मागू लागतो. हंगामी मजुरीचं अर्थशास्त्र इतक्या सोप्या रीतीने एखाद्या पाठ्यपुस्तकाने क्वचितच शिकवलं असेल.

१९६६ च्या वसंतात संपकरी डिलेनोहून राज्याची राजधानी सॅक्रमेंटोपर्यंत पायी निघाले. १७ मार्चला निघालेली ही यात्रा १० एप्रिलला, ईस्टरच्या दिवशी पोचली. अंतर ३०० मैलांच्या आसपास. दिवसा चालायचं आणि रात्री मुक्कामाच्या गावी नाटक. रंगमंच म्हणजे सपाट पाठीचा उघडा ट्रक. पोराला नाटकाआधीच घेऊन गेला होता तोही ट्रकच.

१९६७ मध्ये मंडळी संघटनेपासून वेगळी झाली. प्रचाराच्या चौकटीत राहायचं की नाटक म्हणून वाढायचं, हा पेच होता. द्राक्षमळ्यांच्या मालकांनी करार केले ते १९७० साली. तोवर ठिकठिकाणी अशा चिकानो नाटक मंडळ्या उभ्या राहिल्या होत्या आणि त्याच वर्षापासून त्यांचे एकत्र महोत्सव भरू लागले. १९७४ चा महोत्सव मेक्सिकोत झाला. तिथे दक्षिणेकडून आलेल्या नाटकवाल्यांनी वाल्डेझच्या मंडळींना धारेवर धरलं. लोक उपाशी असताना तुमच्या नाटकात देवदेवता कशाला? वाद कडू होता. पण ज्या माणसांसाठी हे खेळ होते त्यांच्या घरात देव होतेच, त्यांना दाराबाहेर ठेवून नाटक करणं वाल्डेझला पटणारं नव्हतं. दुसरी एक तक्रार मात्र इतकी सहज झटकता येत नाही. मंडळीतल्या स्त्रियांच्या वाट्याला आई, कुमारी नाहीतर कुलटा, एवढीच कामं येत. त्याची बहीण सोकोरो जबर ताकदीची नटी. पण तिची ताकद दिसली ती सांगाड्याच्या आणि पुरुषांच्या सोंगांत. मालकाचा मुखवटा उतरवणाऱ्यांना घरातला मुखवटा दिसला नाही.

१९७८ साली वाल्डेझचं ‘झूट सूट’ लॉस एंजेलिसच्या मार्क टेपर फोरममध्ये आलं. ऐसपैस लांब कोट आणि घोट्याशी आवळलेली ढगळ विजार म्हणजे झूट सूट. १९४० च्या दशकातल्या मेक्सिकन तरुणांचा हा रुबाब. १९४२ साली एका तरुणाच्या खुनावरून २२ जणांवर एकत्र खटला चालला, १७ जण दोषी ठरले. १९४४ साली वरच्या कोर्टाने त्या शिक्षा रद्द केल्या. मध्ये १९४३ च्या जूनमध्ये नौसैनिकांच्या टोळ्यांनी असे कपडे घालणाऱ्या पोरांना भर रस्त्यात मारलं, अंगावरचे कपडे उतरवले. हे सगळं नाटकात आलं आणि ज्यांनी कधी थिएटरची पायरी चढली नव्हती अशी माणसं कुटुंबकबिल्यासह आली. १९७९ मध्ये नाटक न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर गेलं. तिथे जाणारं ते पहिलं चिकानो नाटक. तिथल्या समीक्षकांनी नाकं मुरडली आणि काही आठवड्यांतच ते उतरलं. १९८१ साली त्याचा चित्रपट झाला.

‘ला बाम्बा’ (१९८७) मात्र जगभर गाजला. रिची व्हॅलेन्स या सतराव्या वर्षी विमान अपघातात गेलेल्या गायकाची ही कहाणी. त्याचं खरं आडनाव व्हॅलेन्झुएला, रेडिओसाठी छाटून व्हॅलेन्स केलेलं. चित्रपटाच्या इंग्रजी आणि स्पॅनिश प्रती एकाच वेळी लागल्या. नायकाचं काम केलं ते लू डायमंड फिलिप्सने, ज्याची आई फिलिपिनो. डिलेनोचा संप कुणी सुरू केला होता, हे आठवलं की या निवडीची गंमत वाटते.

आणि मंडळीचं बिऱ्हाड? १९७१ पासून ते सान हुआन बाउतिस्ता या जेमतेम दोन हजार वस्तीच्या गावात आहे. गावात १७९७ सालचं जुनं मिशन चर्च. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’मध्ये दिसतं ते हेच, फक्त तो उंच मनोरा सिनेमावाल्यांची करामत. मंडळीचं नाट्यगृह म्हणजे शेतमाल भरण्याची एक जुनी शेड. डिसेंबर आला की मुक्काम हलतो चर्चमध्ये. एका वर्षी ग्वादलुपेच्या मातेची कथा, दुसऱ्या वर्षी बेथलेहेमच्या वाटेवर निघालेल्या मेंढपाळांना सैतान कसा अडवतो त्याचा खेळ, अशी पाळी अनेक दशकं चालत आली. सराईत नटांच्या जोडीला गावातली माणसं आणि मुलं. काल मेंढपाळ झालेलं पोर काही वर्षांनी मोठ्या कामात दिसतं. १९९१ साली मेंढपाळांचा हा खेळ टेलिव्हिजनवरही आला आणि त्यात सुप्रसिद्ध गायिका लिंडा रॉनस्टाट होती.

२०१७ साली मार्क टेपर फोरमने ‘झूट सूट’ पुन्हा रंगमंचावर आणलं. दिग्दर्शक वाल्डेझच, वय ७६. गर्दी एवढी झाली, की प्रयोगांची मुदत वाढवावी लागली. १९७८ च्या नाटकात तुरुंगात जाणाऱ्या तरुणाचं, हेन्री रेनाचं काम वाल्डेझच्या धाकट्या भावाने, डॅनियलने केलं होतं, आणि हेन्रीच्या प्रेयसीचं रोझ पोर्टिलोने. या वेळी दोघंही पुन्हा रंगमंचावर उभे होते. डॅनियल हेन्रीचा बाप झाला होता आणि रोझ त्याची आई.