हातांतील स्कॅनर

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आपल्यांपैकीं कांहींच्या घरीं हातांत मावणारा डिजिटल स्कॅनर असतो. जवळपास आग लागली कीं बंबवाल्यांचें बोलणें घरबसल्या ऐकतां यावें, हा त्याचा उपयोग. पण लोक ऐकीव लहरींचे आंकडे एकामागून एक भरतात आणि कानीं तुटक शब्द पडतात. तेथील पुष्कळ शहरांत ‘प्रोजेक्ट २५’ पद्धतीनें अनेक खातीं थोड्याच लहरी वांटून घेतात. कोणतें संभाषण कोणत्या लहरीवर आहे, हें नियंत्रण-वाहिनी क्षणोक्षणीं सांगत असते. म्हणून प्रथम ती वाहिनी भरावी, मग हव्या त्या ‘टॉकग्रुप’चा क्रमांक. आरंभ अग्निशामक दलापासून करावा, असें आम्हांस वाटतें.

इतकें करूनहि पोलीस मुके राहिले तर यंत्रास बोल लावूं नये. शिकागोनें २०२२ पासून आणि न्यूयॉर्कनें २०२३ पासून पोलिसांचें संभाषण सांकेतिक करण्यास आरंभ केला; तें स्कॅनरला उकलत नाहीं. चोराला सुगावा लागूं नये हें रास्तच. पण वार्ताहरांच्या कानांतहि बोळे कां? शिकागोनें अर्ध्या तासानें ऐकविण्याची सोय केली. आग विझल्यावर घागर आणण्यासारखीच ती!

कांहीं राज्यांत मोटारींत स्कॅनर बाळगण्यावर निर्बंध आहेत, तेवढी चौकशी आधीं करावी.