पंचांकडे दाद

पावसाळा सरता सरता यवतमाळ जिल्ह्यातील शाळांच्या मैदानांवर कबड्डीचा सराव रंगू लागतो. पुसद, वणी, दारव्हा अशा तालुक्यांतून जिंकणारा संघ जिल्ह्याच्या सामन्यांस जातो. तेथेही जिंकला, तर अमरावती विभागाच्या. एवढी वाट समोर दिसू लागली, की संघात चुरस वाढते. कर्णधार कोण, चढाईला कोणी जावे, बाराजणांतून मैदानात उतरणारे सात कोण, यांवरून खटके उडतात. त्यांत वावगे काही नाही. प्रश्न असतो तो त्यांचा निवाडा कसा होतो, हा.

मैदानावर त्याची सोय आहे. गड्याला स्पर्श झाला की नाही, याविषयी वाद झाला, तर कर्णधार पंचांकडे दाद मागतो, आणि त्याला कोणी फितूर म्हणत नाही. रेषेबाहेर मात्र हा न्याय विसरला जातो. थोरल्या खेळाडूने धाकट्याला रोज आपले सामान वाहायला लावले, किंवा प्रशिक्षकांनी चुकीबद्दल छडी मारली, तर मुले गप्प राहतात. बोलल्यास संघातून नाव जाईल, ही एक भीती. गुरूविरुद्ध बोलणे पाप, ही दुसरी. दुसरी अधिक खोल आहे, कारण ती आदरातून येते.

या आदराच्या समर्थनार्थ एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. मुंबईच्या शारदाश्रम शाळेतील सचिन तेंडुलकर एकदा आपला सराव सामना टाळून, शाळेतील मोठ्या मुलांचा सामना पाहण्यास वानखेडे मैदानावर गेला. तेथे गुरू रमाकांत आचरेकर यांनी त्याला गाठले, एक थप्पड लगावली आणि बजावले, की दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवण्यापेक्षा लोकांनी तुझ्यासाठी वाजवाव्यात असे खेळ. सचिनने हा प्रसंग पुढे कृतज्ञतेने सांगितला आहे. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळालेल्या आचरेकरांच्या थोरवीविषयी दुमत नाही. परंतु त्या दिवशी काम केले ते थपडेने, की त्या शब्दांनी? शब्दांनीच, असे म्हणावे लागेल. नुसत्या थपडा खाऊन मैदान कायमचे सोडून गेलेली मुले आपली गोष्ट सांगण्यास व्यासपीठावर येत नाहीत.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आहे. आणि शाळेचे मैदान म्हणजे शाळाच. त्यामुळे शिस्त नाहीशी होत नाही. वारंवार उशिरा येणाऱ्यास एक सामना बाहेर बसवावे; भांडणाऱ्या दोघांचे म्हणणे आधी वेगवेगळे, मग समोरासमोर ऐकावे; निर्णयाचे कारण संघाला सांगावे. असे करणाऱ्या प्रशिक्षकाचा वचक कमी होत नाही, वाढतोच. तक्रार करणाऱ्यानेही जे घडले तेवढेच सांगावे. रुसव्याला तक्रारीचे रूप देणे हाही अन्यायच.

मारहाण, अपमान किंवा नकोसा स्पर्श यांबाबत मात्र क्षणभरही थांबू नये. आईवडील, मुख्याध्यापक, विश्वासातल्या शिक्षिका, कोणालाही सांगावे. ते जमले नाही, तर १०९८ हा मुलांसाठीचा दूरध्वनी क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे. सांगणाऱ्याने संघाचे नाव बुडवले, असे म्हणणारे भेटतील. पण एकाने तोंड उघडले, की उरलेल्या अकराजणांपैकी कोणीतरी हळूच म्हणतो, "माझ्याबाबतही असेच घडले होते."