ब्रशाचे केस कशाचे, हे विचारण्याचा हक्क

दाढीच्या ब्रशाविषयी आपल्या तरुणांमध्ये चर्चा होते ती बहुधा एकाच प्रश्नावर: "त्यात डुकराचे केस असतात का?" मोबाईलवर एखादा व्हिडिओ फिरत येतो, मागे भीतीदायक संगीत असते, शेवटी "सर्व मोमीन बांधवांपर्यंत पोहोचवा" असा आदेश असतो. चार दिवस मोहल्ल्यातल्या सलूनमध्ये वाद चालतो. मग सगळे विसरतात, पुढचा व्हिडिओ येईपर्यंत.

माझे म्हणणे असे की प्रश्न योग्यच आहे, पण आपण तो अर्धाच विचारतो. ब्रश कशाचा आहे एवढ्यावर न थांबता तो काम कसे करतो, किती स्वच्छ राहतो, त्यासाठी कोणता प्राणी मारला गेला, तो कोणाच्या हातांनी बनवला आणि पाकिटावर हे लिहिलेले का नाही, हेही विचारायला हवे. दाढी ठेवावी की काढावी हा वाद मी येथे काढत नाही. दाढी ठेवणाराही गाल आणि मान साफ करतोच, त्यामुळे ब्रश दोघांच्याही घरात असतो.

आधी माहिती घेऊ. ब्रशात प्रामुख्याने चार प्रकारचे केस येतात: डुकराचे, बॅजर या प्राण्याचे, घोड्याचे आणि कृत्रिम तंतू.

डुकराचे केस जाड, राठ आणि स्वस्त असतात. ते पाणी शोषतात, म्हणून असा ब्रश वापरण्याआधी दोन-तीन मिनिटे भिजवावा लागतो. नवा असताना तो टोचतो आणि वासही मारतो. काही आठवड्यांच्या वापरानंतर केसांची टोके फाटतात आणि मऊ होतात. बॅजरचे केस त्याहून बारीक असतात, केसांच्या गुच्छात पाणी भरपूर धरून ठेवतात आणि चेहऱ्याला मऊ लागतात, म्हणून ते महाग. घोड्याचे केस या दोघांच्या मधले. ते आयाळीचे आणि शेपटीचे असतात आणि जिवंत घोड्याचेही कापून घेता येतात, ही त्यांची जमेची बाजू.

कृत्रिम तंतू म्हणजे नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या जातीचा धागा. तो स्वतः पाणी शोषत नाही, पाणी तंतूंच्या मधल्या जागेत राहते. त्यामुळे भिजवत बसावे लागत नाही. उलट जास्त पाणी घेतले तर ते मनगटावर ओघळते. थोडे पाणी, थोडा साबण, आणि फेस लगेच तयार होतो. तंतूत साबण मुरत नसल्याने बहुतेक फेस चेहऱ्यावरच येतो. वापरून झाल्यावर झटकून ठेवला की ब्रश काही तासांत वाळतो. काही दशकांपूर्वीचे नायलॉनचे ब्रश खराट्यासारखे होते, हे खरे. "प्लास्टिकच्या ब्रशाला मजा नाही" असे वडीलधारी मंडळी म्हणतात ते त्या आठवणीतून. आता तंतूची टोके निमुळती केलेली असतात आणि चांगला कृत्रिम ब्रश गालाला मऊ लागतो. मी घोड्याच्या केसांचा आणि कृत्रिम असे दोन्ही ब्रश वापरले आहेत. घोड्याच्या ब्रशाने चेहरा चोळला जातो तो मला आवडतो, पण पावसाळ्यात तो दुसऱ्या सकाळपर्यंत ओलाच असतो. रोजच्या घाईत कृत्रिम ब्रशच माझ्या हाताशी येतो.

स्वच्छतेचा मुद्दा केवळ सोयीचा नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरच्या केसांचा तुटवडा पडला, तेव्हा घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश मोठ्या प्रमाणावर तयार झाले. ते केस नीट निर्जंतुक केलेले नव्हते. त्यांतून ब्रिटन आणि अमेरिकेतील सैनिकांना व सामान्य नागरिकांना अँथ्रॅक्सची लागण झाली, आणि अशा दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद आहे. ब्रिटनने १९२० साली जपानमधून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांवर बंदी घातली. आज केस निर्जंतुक करूनच वापरतात, त्यामुळे नैसर्गिक ब्रश म्हणजे रोग असे कोणी समजू नये. पण "नैसर्गिक" हा शब्द दिसला की वस्तू शुद्धच असणार, हा समजही त्या इतिहासाने खोटा ठरवला आहे.

पुढे १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या तंतूंचा टूथब्रश बाजारात आला. त्याआधी कारखान्यातल्या टूथब्रशांत प्रामुख्याने डुकराचेच केस असत. म्हणजे रोज सकाळी आपण जो टूथब्रश निर्धास्तपणे तोंडात घालतो, तो निर्धास्तपणा एका प्रयोगशाळेची देणगी आहे. यंत्र आणि रसायन आले की श्रद्धेला धोका, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणावर थोडा विचार करावा.

आता धार्मिक बाजू. मी आलिम नाही आणि फतवा देणे माझे काम नाही. पण फिकहच्या पुस्तकांत जे लिहिले आहे ते वाचायला मनाई नाही. डुकराच्या केसांचा प्रश्न व्हिडिओवाल्यांनी शोधलेला नाही, तो शेकडो वर्षे जुना आहे. चामडे शिवताना दोऱ्याच्या टोकाला डुकराचा राठ केस लावला की तो भोकातून सहज जातो, म्हणून जुने चर्मकार तो वापरत. बाराव्या शतकातल्या 'अल-हिदाया' या हनफी ग्रंथात डुकराच्या केसांची विक्री नाजायज ठरवली आहे. आणि तिथेच, शिवणकामासाठी त्यांचा वापर गरजेपोटी चालेल, असेही म्हटले आहे. मालिकी मतानुसार केसात जीव नसतो, म्हणून तो नापाक ठरत नाही. शाफई मत याबाबत कडक आहे आणि आपले कोकणी मुसलमान शाफई आहेत. एकाच राज्यात रत्नागिरीचा आणि औरंगाबादचा मुसलमान या बाबतीत वेगवेगळी पुस्तके उघडतील.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. एक, आपल्या जुन्या विद्वानांनी कारागिराची अडचण समजून घेऊन विचार केला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. दुसरी, त्या सवलतीचा पाया गरज हा होता. आज दोनशे-तीनशे रुपयांत उत्तम कृत्रिम ब्रश मिळत असताना दाढीच्या ब्रशासाठी तशी गरज उरलेली नाही. ज्याला डुकराचे केस नकोत त्याने ते टाळावेत, इतके हे सोपे आहे. दुसऱ्याच्या मोरीत डोकावून त्याचा ईमान तपासण्याची गरज मात्र कोणालाच नाही.

टाळायचे तर ओळखायचे कसे? व्यापारातली भाषा माहीत असली की बरेच कळते. ब्रशाच्या धंद्यात नुसते 'ब्रिसल' किंवा 'प्युअर ब्रिसल' म्हटले की अर्थ बहुधा डुकराचे केस असाच असतो. भिंत रंगवायच्या ब्रशावरचे 'चायना ब्रिसल' म्हणजेही तेच. 'बोअर' म्हणजे डुक्कर. 'सिंथेटिक', 'नायलॉन', 'फायबर' म्हणजे कृत्रिम. काहीच लिहिलेले नसेल तर ब्रशातून गळलेला एखादा केस चिमट्यात धरून काडीने पेटवून पाहा. प्राण्याचा केस जळताना केस जळाल्याचाच वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. कृत्रिम तंतू वितळतो आणि टोकाला कडक गोळी होते. शाळेच्या प्रयोगशाळेत लोकर आणि नायलॉन असेच ओळखायला शिकवतात.

पण ग्राहकाने काडी पेटवून वस्तू का ओळखावी? खाद्यपदार्थाच्या पाकिटावर शाकाहारी-मांसाहारी खूण असते. दुकानातल्या साध्या ब्रशावर मात्र अनेकदा केस कशाचे हे एका शब्दानेही लिहिलेले नसते. मलेशियात २०१३ च्या आदेशानुसार डुकराच्या किंवा कुत्र्याच्या अंशापासून बनवलेल्या वस्तूंवर तसे लिहावे लागते. २०१७ साली तिथल्या अधिकाऱ्यांनी अशी नोंद नसलेले रंगकामाचे ब्रश दुकानांतून जप्त केले होते. त्या आदेशाचा मुद्दा विक्रीबंदीचा नव्हता. वस्तू विका, पण ती कशाची आहे ते लिहा, इतकीच अट होती.

आपल्या इतिहासातही याचा धडा आहे. १८५७ मध्ये काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे, ही बातमी छावण्यांत पसरली. सिपायांनी स्वतःचे वंगण वापरावे, अशी मुभा सरकारने नंतर दिली, पण तोवर विश्वास उडाला होता. वस्तूत काय आहे हे वेळेवर आणि स्पष्ट सांगितले नाही, की ती जागा अफवा घेते.

म्हणून लेबलाची मागणी आपण नागरिक म्हणून करावी, आणि ती एकट्याने करू नये. ब्रश प्राण्याच्या केसांचा नसावा असे माझ्या जैन मित्राला वाटते. माळकरी शेजाऱ्याला वाटते. प्राण्यांवरच्या दयेपोटी चामडे न वापरणाऱ्या कॉलेजच्या मुलीलाही वाटते. आपली कारणे वेगळी आहेत, पण मागणी एकच आहे: लिहा. ही मागणी "मुसलमानांच्या भावना दुखावल्या" या मथळ्याखाली गेली, की दुसऱ्या दिवशी तिची चेष्टा होईल. ग्राहकाला माहिती मिळण्याचा हक्क आहे, या शब्दांत ती गेली तर तिला शेजारीही सही करतील.

प्राण्यांचा मुद्दाही केवळ डुकरापुरता नाही. ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने बॅजरला संरक्षण आहे, पण बाजारातले बॅजरचे केस प्रामुख्याने चीनमधून येतात. तिथे या प्राण्यांना कसे कोंडतात आणि मारतात, याचे चित्रण 'पेटा' या संघटनेने २०१८ साली प्रसिद्ध केल्यावर अनेक कंपन्यांनी ते ब्रश विकणे बंद केले. आपल्याकडे चित्रकलेच्या ब्रशांसाठी मुंगुसाच्या केसांचा चोरटा व्यापार चालतो, आणि मुंगूस वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येते. "आमच्या ब्रशात डुक्कर नाही" म्हणून समाधान मानायचे आणि गालावरच्या फेसासाठी दुसरा प्राणी तडफडून मेला तरी चालेल म्हणायचे, हे मला पटत नाही. प्राण्यावर दया करण्याची शिकवण आपण मिंबरवरून ऐकतो. ती मोरीतल्या फळीपर्यंतही पोहोचावी.

आता सर्वांत अवघड गोष्ट. वस्तूची किळस हळूहळू माणसापर्यंत जाते. कानपूरच्या खटीक समाजातल्या लोकांनी इंग्रजांच्या काळात डुकराच्या केसांचा व्यापार केला. ते केस युरोपात जात. समाजाने ज्या कामाला घाण म्हटले, त्याच कामातून काही कुटुंबे वर आली. उत्तर प्रदेशातल्या शेरकोटला ब्रश बनवणाऱ्या कारागिरांत मुसलमान मोठ्या संख्येने आहेत. डुकराच्या केसाला हात लावणारा माणूस नापाक, असे जेव्हा आपण सहज बोलतो, तेव्हा आपण जातिव्यवस्थेचीच भाषा बोलत असतो, फक्त अरबी शब्द वापरून.

आणि ब्रश ज्याच्या हातात असतो त्याचे काय? माझे मामू चाळीस वर्षे सलून चालवत आले. त्यांची बिरादरी स्वतःला सलमानी म्हणवते, हजरत सलमान फारसींशी नाते सांगते. आपल्याच मोहल्ल्यात मात्र 'हजाम' हा शब्द शिवीसारखा वापरला जातो. जुम्याच्या सफेत खांद्याला खांदा लावणारे लोक लग्नाची बोलणी करताना बिरादरी विचारतात. ज्या हातांनी ईदच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत आपले चेहरे साजरे केले, त्या हातांना आपण मुलगी देत नाही. ब्रशातल्या केसांच्या पाकीपेक्षा हा प्रश्न मला जास्त टोचतो. त्यावर मात्र कोणी व्हिडिओ पाठवत नाही.

सलूनमधल्या वापराबद्दल थोडे. एकच ब्रश दिवसभर वीस-पंचवीस चेहऱ्यांवरून फिरतो, मग तो कोणत्याही केसांचा असो. नायटा, पुटकुळ्या असे त्वचेचे आजार त्यातून पसरू शकतात, आणि जुन्या ब्लेडमधून कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचा धोका असतो. नवे ब्लेड मागणे आता सर्वांना ठाऊक आहे. ब्रशही स्वतःचा न्यावा, किंवा हातानेच फेस लावायला सांगावे. कारागिराचा अपमान न करता, "भाई, माझा ब्रश आणलाय" एवढे म्हटले तरी पुरते. मामूंनी कृत्रिम ब्रश घेतले ते याच कारणाने: दोन-तीन ब्रश आळीपाळीने धुवून वाळवता येतात.

कृत्रिम ब्रशाला दोष नाही असे नाही. तो प्लास्टिकच आहे, फेकला की मातीत वर्षानुवर्षे राहतो. म्हणून दर सहा महिन्यांनी नवा घेण्यात शहाणपण नाही. साबण पूर्ण धुवून काढा, फार कडक पाणी टाळा, झटकून उघड्यावर वाळवा. अशी निगा राखली तर चांगला ब्रश वर्षानुवर्षे चालतो, आणि एकदा वापरून फेकायच्या फेसाच्या डब्यांपेक्षा तो केव्हाही बरा.

माझा कौल कृत्रिम ब्रशाला आहे. तो स्वस्त आहे, लवकर वाळतो, काम चोख करतो आणि त्यासाठी कोणताही प्राणी मारावा लागत नाही. डुकराच्या केसांची शंका त्याने आपोआप मिटते, हा वरचा फायदा. ज्याला घोड्याच्या केसांचा ब्रश आवडतो त्याने तो जरूर वापरावा. पुढच्या वेळी दुकानात गेलात तर दुकानदाराला सरळ विचारा, "हे केस कशाचे?" त्याला माहीत नसेल तर म्हणा, "कंपनीला लिहायला सांगा." आणि सलूनमधून निघताना कारागिराला सलाम करा, नाव घेऊन.