काळ्या कापडाखालचा जमाखर्च

बँकेत आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासले, त्यामुळे घरातील माणसाने पैसे मागितले तरी हात आपोआप कागदावर जमा आणि नावे असे दोन रकाने आखू लागतो. गेल्या महिन्यात वास्तुकलेचे शिक्षण घेणारा माझा पुतण्या पडेगावला आला आणि म्हणाला, "काका, एक जुना व्ह्यू कॅमेरा मिळतो आहे. निम्मे पैसे मी शिकवण्या घेऊन साठवले आहेत. उरलेले उसने द्याल का?"

आपल्या लहानपणी शाळेच्या सामूहिक छायाचित्रासाठी येणारा तिपाईवरचा कॅमेरा वाचकांना आठवत असेल. तोच हा. पुढे भिंग, मागे दुधी काच आणि मध्ये घड्यांचा भाता. छायाचित्रकार काळे कापड डोक्यावर घेऊन काचेवरची उलटी प्रतिमा पाहतो आणि मग फिल्मचा एक सुटा ताव आत सरकवतो. प्रत्येक चित्राला स्वतंत्र ताव.

स्थळपाहणीवाचून कर्ज नाही, हा आमचा जुना शिरस्ता. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत तिपाई लावण्यास परवानगी लागते. ती काढून, त्याच्या शिक्षकांचा कॅमेरा मागून घेऊन आम्ही दौलताबादमार्गे वेरूळला गेलो.

कैलास लेण्याच्या प्रांगणात प्रथम जमेची बाजू कळली. तेथे तिन्ही बाजूंना कातळ, मागे सरकण्यास जागा थोडी. मी मोबाइल वर रोखून ध्वजस्तंभ टिपला, तर तो मागे कलंडल्यासारखा दिसला. पुतण्याने कॅमेरा ओळंब्यात ठेवला आणि केवळ भिंगाची पाटी वर सरकवली. काचेवर स्तंभ उलटा होता, पण सरळ उभा होता. हे काम आज संगणकही करतो. मात्र तो चित्राचा वरचा भाग ताणून ते साधतो आणि तेथील बारकावा उणावतो.

दुसरी जमा आकाराची. चार बाय पाच इंची तावाचे क्षेत्रफळ नेहमीच्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या सुमारे पंधरा पट भरते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निजामांचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ यांनी मोठ्या काचपट्ट्यांचे असेच अवजड कॅमेरे वापरून वेरूळ टिपले. त्यांच्या अनेक काचपट्ट्या दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आजही जतन केलेल्या आहेत.

नावे बाजू मात्र लहान नाही. कॅमेरा, तिपाई आणि तावांच्या चौकटी वाहताना माझे गुडघे बोलू लागले. बत्तिसाव्या लेण्यात, म्हणजे इंद्रसभेत, अंबिकेच्या मूर्तीपुढे उजेड मंद. पुढचे-मागचे सारे स्पष्ट यावे म्हणून भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते आणि प्रकाश आणखी घटतो. शिवाय दीर्घ वेळात फिल्मची ग्रहणशक्ती मंदावते. प्रकाशमापकाने अर्धा मिनिट सांगितले, तर त्याहून बराच अधिक वेळ द्यावा लागतो. अंबिका हलत नाही म्हणून निभावले. खेळते मूल असते तर धुराची रेषा उमटली असती. त्यातच भिंगाची झडप मिटल्याची खात्री न करता पुतण्याने चौकटीचे झाकण ओढले आणि एक महाग ताव वाया गेला. चार तासांत हाती आली तीन चित्रे.

परतीच्या वाटेवर तो गप्प होता. नकार गृहीत धरला असावा.

घरी आल्यावर मी कपाटातून एक जुने चित्र काढले. १९५२ सालच्या एका लग्नातील, चाळीस माणसांचे. माझी आई मी लहान असतानाच गेली. तिचे स्वतंत्र छायाचित्र नाही. या चित्रात ती मागच्या रांगेत, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. काही वर्षांपूर्वी त्याची मूळ काचपट्टी एका नातलगाच्या माळ्यावर सापडली. तिच्यावरून चेहरा मोठा करून घेतला, तेव्हा आईच्या कपाळावरचे कुंकू आणि डाव्या भुवईवरची खूण स्पष्ट दिसली. ती खूण मी विसरलो होतो. चित्रकाराने वाहिलेले ओझे असे साठ वर्षांनी माझ्या खाती जमा झाले. आज माझ्या मोबाइलमध्ये नातवंडांची हजारो चित्रे आहेत. त्यांतील किती साठ वर्षे टिकतील, याची हमी मी देऊ शकत नाही.

तरीही भावनेवर कर्ज मंजूर करणे योग्य नव्हे. प्रवास, सहल, घरातील धावती मुले यांसाठी हा कॅमेरा घेऊ नये, असेच मी कोणालाही सांगेन. ज्याला स्थिर वस्तू निवांतपणे पाहायची आहे आणि एका चित्रासाठी तासभर देण्याची तयारी आहे, त्यालाच तो परवडतो. म्हणून पुतण्याला अट घातली : उसन्या कॅमेऱ्यावर वीस ताव वापर, प्रत्येकाची नोंद वहीत ठेव; विसाव्यानंतरही ओढ राहिली, तर पैसे बिनव्याजी.

पहिला ताव दिवाळीत खर्ची पडेल. अंगणात सारे कुटुंब उभे राहील आणि कोणीही हलणार नाही.