परिषद शहरात यावी, पण कोणासाठी?

एखाद्या शहरात मोठी तांत्रिक परिषद भरली, की तिचा हिशेब हॉटेलांच्या खोल्या, पाहुण्यांची संख्या आणि उद्घाटनाची छायाचित्रे यांत मांडण्याची आपल्याकडे रीत आहे. त्यातून विषय अँटेना अभियांत्रिकीचा असेल, तर सामान्य नागरिक त्याकडे पाठच फिरवतो. वास्तविक मोबाइलपासून उपग्रहवाहिन्यांपर्यंत त्याच्या दिनक्रमातील बहुतेक गोष्टींचे अँटेनावाचून पानही हलत नाही. मीरा-भाईंदरसारख्या किनारी शहराने अशा परिषदेचे यजमानपद घ्यायचे ठरविल्यास काय साधेल, याचा विचार म्हणूनच करायला हवा.

अँटेना आणि लहरींच्या प्रसारणावरील युरोपीय परिषद २००६ मध्ये नीस, २०१० मध्ये बार्सिलोना आणि २०१५ मध्ये लिस्बन येथे भरली. ही तिन्ही जुनी किनारी शहरे. पण केवळ समुद्र आणि इतिहास यांच्या बळावर परिषदा टिकत नाहीत. आपल्याकडे कोचीचे उदाहरण बोलके आहे. तेथील विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८८ पासून दर दोन वर्षांनी अँटेनाविषयक परिसंवाद भरविण्याचा प्रघात पाडला. प्रयोगशाळेत काम चालू होते, म्हणून परिसंवादाला अर्थ आला.

या निकषावर मुंबई परिसराची बाजू मुळीच लंगडी नाही. २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईच्या नभोवाणी केंद्राचे उद्घाटन झाले. त्याच वर्षी खडकी व दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी संदेशवहन सुरू झाले. सूक्ष्मलहरींवर संशोधन करणारी 'समीर' ही संस्था १९८४ मध्ये पवईत उभी राहिली. नारायणगावजवळ खोडद येथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण साकारली. तारांच्या जाळीने तबकडी हलकी व स्वस्त करण्याची तिची युक्ती जगाने वाखाणली.

मीरा-भाईंदरचे वेगळेपण मात्र प्रयोगशाळेत नसून उत्तनच्या किनाऱ्यावर आहे. येथील धारावी किल्ल्याच्या टेकडीवरून वसईच्या खाडीवर नजर ठेवता येते. १७३९ मध्ये ती मराठ्यांच्या हाती आली आणि वसईचा समुद्राकडील फास आवळला गेला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसई पडली. उंचीचे हे महत्त्व आजच्या मच्छीमारालाही चुकलेले नाही. नौकांवरील व्हीएचएफ संचाच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. नौकेवरील अँटेना चार मीटर आणि किनाऱ्यावरचा मनोरा शंभर मीटर उंच धरला, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांचा संपर्क सुमारे ५० किलोमीटरपर्यंतच पोहोचतो. मोबाइलची साथ तर त्याआधीच सुटते. त्यापलीकडे गेलेल्या नौकेला वादळाची सूचना द्यायची कशी, हा जिवाशी संबंधित प्रश्न आहे.

त्यावर उपाय म्हणून, इस्रोच्या तंत्रज्ञानावर आधारित ट्रान्सपॉन्डर एक लाख मासेमारी नौकांवर बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पालघर येथे झाला. उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश पाठविण्याची सोय त्यात आहे. पण खारी हवा जोडण्या गंजविते, नौका हेलकावते आणि डोलकाठ्या व दोरखंडांच्या गर्दीत अँटेनाला मोकळे आकाश मिळेलच असे नाही. कागदावरील आराखडा दर्यात कसा टिकतो, हे सांगू शकेल तो नौकेचा तांडेल. परिषदेच्या व्यासपीठावर त्याला स्थान हवे.

दुसरा प्रश्न शहराच्या गच्च्यांवरचा. मोबाइल मनोऱ्यांच्या किरणोत्सर्गाची भीती अनेक सोसायट्यांमध्ये आहे. केंद्र सरकारने १ सप्टेंबर २०१२ पासून त्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा लागू केली. मनोरा दूर गेला, की हातातील मोबाइल संपर्कासाठी अधिक शक्ती वापरतो, हेही तितकेच खरे. म्हणजे मनोरे हटविल्याने चिंता आपोआप मिटत नाही. गच्चीवर प्रत्यक्ष मोजणी करून तिचे आकडे रहिवाशांना मराठीत समजावून सांगणे, हा भीती आणि बेफिकिरी या दोहोंवरचा उतारा आहे. तज्ज्ञ शहरात जमणार असतील, तर हे काम त्यांच्याकडून करून घ्यायला काय हरकत आहे?

आठ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या या शहरात २००२ मध्ये महापालिका आली. तरी मुंबईचे शयनगृह ही ओळख अद्याप पुरती पुसलेली नाही. ती पुसायची तर सभागृहाच्या भाड्यापलीकडे पाहावे लागेल. यजमान शहराने आपला प्रश्न पाहुण्यांपुढे ठेवावा आणि पुढील परिषदेपर्यंत त्याचा पाठपुरावा करावा. तसे झाले नाही, तर चार दिवसांचा मंडप उठेल आणि उत्तनच्या नौका पूर्वीसारख्याच संपर्काबाहेर जात राहतील.